कार्ड प्लॅटिनम, खोली साधी: हॉटेलच्या काउंटरमागून एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या एका गृहस्थांकडे एका आंतरराष्ट्रीय हॉटेल साखळीचं प्लॅटिनम सदस्यत्व आहे. लग्नाच्या वाढदिवसानिमित्त ते पत्नी आणि सासू-सासऱ्यांसह मुंबईतल्या हॉटेलात दोन रात्री राहिले, मंगळवार आणि बुधवार. ट्रॅव्हल अ‍ॅपवर दर थोडा कमी दिसला म्हणून दोन्ही खोल्या तिथूनच घेतल्या. स्वीट, म्हणजे वेगळी बैठक असलेली मोठी खोली, मिळालं नाही. न्याहारीचे पैसे लावले. सासू-सासऱ्यांना लाउंजच्या, म्हणजे वरच्या दर्जाच्या सदस्यांसाठी राखलेल्या बैठकखोलीच्या, दारातून परत पाठवलं. दुपारी चारचा चेक-आउट मागितला तर एक वाजेपर्यंतच दिला. घरी आल्यावर पाहिलं तर पॉइंटही जमा नाहीत. त्यांच्या मेहुण्याला मात्र खालच्या दर्जाचं कार्ड असताना त्याच हॉटेलात स्वीट मिळालं होतं. ते विचारतात, ही फसवणूक आहे का, आणि पुढच्या वेळी काय करावं?

मुंबईतल्या हॉटेलांच्या फ्रंट ऑफिसमध्ये माझी बरीच वर्षं गेली आहेत. कोणत्या पाहुण्याला कोणती खोली द्यायची, हे ठरवणं हेच माझं रोजचं काम. त्यामुळे उत्तर सविस्तर देतो.

फसवणूक झालेली नाही. तुम्हाला जे नाकारलं गेलं त्यातलं बहुतेक तुमच्या कार्डामुळे नव्हे, बुकिंगच्या वाटेमुळे नाकारलं गेलं. लाउंजच्या दारातला प्रसंग वेगळा आहे. तो नियमाला धरून होता, पण वागणूक म्हणून वाईट होता. त्याबद्दल हॉटेलला जरूर लिहा.

सदस्यत्वाच्या पानावर फायद्यांची यादी असते, ती सलग वाचली की सगळेच फायदे सारखे वाटतात. प्रत्यक्षात त्यात दोन जाती आहेत. काही गोष्टी साखळीने कबूल केलेल्या असतात आणि हॉटेलला त्या द्याव्याच लागतात. बाकीच्यांपुढे 'उपलब्धतेनुसार' असं लिहिलेलं असतं, आणि उपलब्धता ठरवणारा माणूस त्या दिवशी काउंटरमागे बसलेला असतो. उदाहरणादाखल मॅरियट साखळीचा सदस्यत्वाचा कार्यक्रम, बॉन्व्हॉय, घ्या. वर्षात ५० रात्री झाल्या की प्लॅटिनम, २५ झाल्या की गोल्ड. प्लॅटिनमला दुपारी चारपर्यंत खोली ठेवण्याचा फायदा शहरातल्या साध्या हॉटेलात पक्का असतो, रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन हॉटेलात मात्र उपलब्धतेनुसार. गोल्डला दुपारी दोन, आणि तेही उपलब्धतेनुसार. हयात साखळीत ६० रात्रींनंतर ग्लोबलिस्ट हा वरचा दर्जा मिळतो, तिथेही चारची वेळ रिसॉर्ट वगळता पक्की. स्वीटची गोष्ट निराळी. नुसत्या दर्जाच्या जोरावर स्वीटचा शब्द कुठलीच मोठी साखळी आधी देत नाही. चेक-इनच्या वेळी रिकामं असेल तर मिळेल, एवढंच. स्वीट हवंच असेल तर त्यासाठी वेगळी कूपनं असतात. मॅरियटमध्ये ५० रात्रींनंतर मिळणारी निवडीची भेट म्हणून अशी कूपनं घेता येतात, पण ती मुक्कामाच्या जेमतेम काही दिवस आधी मंजूर होतात. हयातची कूपनं बुकिंग करतानाच लावून स्वीट पक्कं करता येतं. कार्ड मिरवण्यापेक्षा ही कूपनं जपून वापरणारा पाहुणा मला जास्त हुशार वाटतो.

न्याहारीचं तर साखळीतल्या साखळीतही बदलतं. पुण्यातलंच पाहा. सेनापती बापट रस्त्यावरच्या जेडब्ल्यू मॅरियटमध्ये प्लॅटिनम सदस्याला न्याहारीचा पर्याय मिळतो. त्याच पुण्यात, त्याच कार्यक्रमात असलेल्या रिट्झ-कार्लटनमध्ये तोच सदस्य गेला तर न्याहारी हा त्याच्या फायद्यांचा भागच नाही. तिथे लाउंजचा प्रवेशही दर्जावर मिळत नाही. पाहुणा एकच, कार्ड एकच, शहरही एकच, फक्त ब्रँड वेगळा. म्हणून 'मला मागच्या वेळी मिळालं होतं' हे वाक्य काउंटरवर फारसं चालत नाही. ज्या ब्रँडमध्ये जाताय त्याचा नियम आधी वाचून जा.

आता बुकिंगच्या वाटेबद्दल, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे. तुम्ही अ‍ॅपवरून खोली घेतली की हॉटेलच्या दृष्टीने तुम्ही आधी त्या अ‍ॅपचे ग्राहक. अ‍ॅपला कमिशन जातं, अनेकदा पैसेही अ‍ॅपकडेच भरलेले असतात आणि हॉटेलच्या कॉम्प्युटरवर तुमच्या नावापुढे अ‍ॅपचं नाव दिसतं. अशा मुक्कामाचे पॉइंट मिळत नाहीत, रात्रीही मोजल्या जात नाहीत, आणि दर्जाचे फायदे द्यायला हॉटेल बांधील राहत नाही. मोठ्या साखळ्यांमध्ये हा नियम साधारण सारखाच आहे. त्यामुळे दुपारी चारचा तुमचा हक्क तिथेच गळून पडला. एक वाजेपर्यंत जी खोली ठेवली ती त्यांनी आपणहून दिलेली सवलत होती. अ‍ॅपवर वाचलेले चारपाचशे रुपये एकीकडे ठेवा आणि दोन दिवसांची दोघांची न्याहारी, संध्याकाळचा लाउंज, पॉइंट हे सगळं दुसरीकडे ठेवा. सौदा तोट्याचा झाला. शिवाय बहुतेक साखळ्या स्वतःच्या संकेतस्थळावर सदस्यांना थोडा कमी दर देतात, तो अ‍ॅपच्या दराशेजारी ठेवून पाहिला तर फरक बऱ्याचदा नावापुरता राहतो.

एखाद्या लग्नासाठी एकत्र घेतलेल्या खोल्यांतून खोली मिळाली असेल तरी काळजी घ्या. यजमानाच्या एकत्रित बिलात, म्हणजे मास्टर बिलात, खोली गेली की पाहुण्याच्या खात्यात बहुधा काही येत नाही. कंपनीच्या ठरलेल्या दराने थेट बुकिंग झालं असेल तर मात्र सहसा सगळं मिळतं. ऑफिसच्या ट्रॅव्हल डेस्ककडे आपला सदस्य क्रमांक देऊन ठेवायला लोक विसरतात आणि वर्षभराच्या रात्री वाया घालवतात.

हॉटेल इतकं हात आखडून का वागतं, हेही समजून घ्यायला हवं. पाटी एकाची आणि इमारत दुसऱ्याची, अशी बहुतेक मोठ्या हॉटेलांची रचना आहे. मुंबईत सहारचं जेडब्ल्यू मॅरियट आणि पवईचं वेस्टिन ही चॅले हॉटेल्स या कंपनीच्या मालकीची. पुण्यातल्या ज्या दोन हॉटेलांचा उल्लेख केला ती व्हेंटिव्ह हॉस्पिटॅलिटीकडे. या दोन्ही कंपन्यांचे शेअर बाजारात आहेत. साखळी नाव देते, बुकिंगची यंत्रणा आणि सदस्यांचा कार्यक्रम देते. पगार, वीज, न्याहारीची अंडी आणि लाउंजमधली वाइन यांचे पैसे मालकाच्या खिशातून जातात. सदस्याच्या बिलाचा काही भाग हॉटेलला कार्यक्रमासाठी साखळीकडे भरावा लागतो, तो वेगळाच. २०२१च्या जून महिन्यात सहारजवळचं हयात रीजन्सी बंद पडलं, कारण मालक कंपनीकडून पगारालाही पैसे आले नाहीत. पाटी जगभर नावाजलेली होती, तरी दार बंद झालं. तुमचं कार्ड साखळीचं असतं आणि तुम्हाला मिळणारी वस्तू मालकाची, ही गोष्ट लक्षात असली की काउंटरवरचं बरंचसं वागणं उलगडतं.

पॉइंटवर मिळणाऱ्या मोफत रात्रीचंही गणित याच धर्तीचं आहे. हॉटेलात गर्दी नसेल तर त्या रात्रीपोटी साखळी हॉटेलला ठरलेली माफक रक्कम देते. हॉटेल जवळजवळ भरलेलं असेल तर मात्र त्या दिवसाच्या सरासरी दराच्या आसपास देते. म्हणून गर्दीच्या दिवशी पॉइंटवर आलेल्या पाहुण्याला कोणी कमी लेखायचं कारण नाही, त्याचे पैसे हॉटेलला मिळालेले असतात. हे नव्या मुलांना मी पहिल्याच आठवड्यात सांगतो. 'फुकट आलाय' हा शब्द काउंटरमागे ऐकू आला तर मला राग येतो. ते पॉइंट त्या माणसाने कुठल्यातरी हॉटेलात पैसे मोजूनच कमावलेले असतात.

आता स्वीट कसं जातं ते जवळून दाखवतो, कारण तुमच्या मेहुण्याचं कोडं तिथेच सुटतं. सकाळी साडेदहा वाजले आहेत असं समजा. बीकेसी म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाजवळचं बिझनेस हॉटेल, मंगळवार. रात्रपाळीने नोंदवही सोपवली आहे, आज हाउसफुल. आजच्या येणाऱ्यांची यादी माझ्यासमोर आहे, प्रत्येकाच्या नावापुढे दर्जा, किती रात्री, कुठून बुकिंग आणि विमान किती वाजता. शेजारी हाउसकीपिंगचा तक्ता: कुठली खोली तयार, कुठल्या खोलीत अजून पाहुणा आहे, कुठली बंद. हॉटेलात सहा स्वीट आहेत. एकाच्या छतातून एसीचं पाणी गळतंय, ते दुरुस्तीत. एकात परदेशी कंपनीचा अधिकारी महिन्याभरासाठी राहिलाय. दोन गेल्या आठवड्यातच कोणीतरी पूर्ण पैसे देऊन घेतलेली. एक नवरा-नवरीसाठी, खाली बँक्वेटमध्ये रिसेप्शन आहे. उरलं एक, आणि त्यातल्या पाहुण्याने चारचा चेक-आउट घेतलाय, हक्काने. म्हणजे हाउसकीपिंगच्या हातात ते साडेचारला येणार आणि साडेपाचला तयार होणार.

या एका स्वीटकडे डोळे लावून बसलेले सदस्य त्या दिवशी आठ-दहा असतात. मी वरून दर्जा पाहतो हे खरं, पण नुसता दर्जा पाहत नाही. चार रात्री राहणाऱ्याला स्वीट द्यायचं तर ते चारही रात्री रिकामं हवं, आणि मधल्या बुधवारी ते विकलेलं असेल तर त्याला देता येत नाही. एका रात्रीसाठी आलेल्याला सहज देता येतं. दुपारी बाराला दारात उभा असलेल्याला साडेपाचचं स्वीट देऊ शकत नाही, तो थकून आलाय, त्याला आत्ता खोली हवी. संध्याकाळी सातला पोचणाऱ्याला देऊ शकतो. आणि अ‍ॅपवरून आलेला सदस्य यादीत आपोआप खाली जातो.

आता तोच तक्ता रविवारी पाहा. बीकेसी आणि अंधेरीतल्या हॉटेलांत मंगळवार ते गुरुवार गर्दी असते, शनिवार-रविवारी ओसरते. रविवारी सहापैकी तीन स्वीट रिकामी असतात. त्यात साध्या खोल्या प्रमाणाबाहेर विकल्या गेल्या असतील, तर काही पाहुण्यांना वर सरकवावंच लागतं, नाहीतर खाली जागा होत नाही. अशा वेळी गोल्डच काय, कार्ड नसलेल्या माणसालाही स्वीट मिळतं. तुमचा मेहुणा बहुधा अशाच दिवशी पोचला असणार. लोणावळ्यात, गोव्यात हे बरोबर उलट असतं. तिथे शनिवारी आशा धरू नका, सोमवारी धरा. आणि शहरात मोठा कार्यक्रम असेल तर सगळेच आडाखे कोसळतात. जानेवारी २०२५मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा परिसरात साधी खोली मिळणंही मुश्कील होतं, स्वीटचं तर नावच नको.

एका बाबतीत मात्र पाहुण्यांची तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे. काउंटरवरची मुलगी सांगते, 'सर, स्वीट उपलब्ध नाही,' आणि पाहुण्याच्या फोनवर तेच स्वीट आज रात्रीसाठी विक्रीला दिसत असतं. काही हॉटेलं शेवटच्या तासापर्यंत स्वीट विक्रीला ठेवतात, कोणी पूर्ण पैसे देऊन येईल या आशेने. व्यवसाय म्हणून ते समजू शकतो. पण मग तसं स्पष्ट सांगावं: 'एक स्वीट आहे, पण ते आम्ही अजून विक्रीसाठी ठेवलंय. रात्री आठला परत पाहते आणि तुम्हाला फोन करते.' असं सांगितल्यावर चिडलेला पाहुणा मला क्वचितच भेटलाय. खोटं 'नाही' सांगितलेलं माणसाला कळतं, आणि त्यानंतर कितीही चांगली खोली दिली तरी विश्वास परत येत नाही.

काउंटरवर कधीकधी थोडे पैसे भरून वरची खोली घ्या असंही सुचवतात. तिथे कर विचारून घ्या. २२ सप्टेंबर २०२५पासून रात्रीला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या खोलीवर १८ टक्के. समजा तुमची खोली ७,२०० रुपयांची आहे. कर ३६० रुपये, एकूण ७,५६०. वरची खोली 'फक्त आठशे रुपयांत' मिळतेय म्हणून घेतली, तर दर ८,००० होतो, कर १,४४० आणि एकूण ९,४४०. म्हणजे आठशेची खोली तुम्हाला १,८८० रुपयांना पडली. मोफत मिळालेल्या वरच्या खोलीवर असा फरक पडत नाही, कारण कर प्रत्यक्ष घेतलेल्या रकमेवर लागतो. आणि रेस्टॉरंटच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप जोडलेला दिसला तर तो काढायला सांगा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२मध्ये तो सक्तीने लावायला मनाई केली आणि मार्च २०२५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती भूमिका कायम ठेवली. तेवढ्या पैशांची टीप वाढणाऱ्या मुलाच्या हातात दिलीत तर मला जास्त आवडेल.

कार्डांचा गोंधळ आपल्याकडे फार आहे. फोन करून विकलं जाणारं क्लब मॅरियट हे पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व, मुख्यतः जेवणाच्या बिलावरच्या सवलतीसाठी. बॉन्व्हॉय मोफत, मुक्कामांवर चढणारं. पहिलं दाखवून दुसऱ्याचे फायदे मिळत नाहीत. ऑगस्ट २०२३मध्ये एचडीएफसी बँकेने मॅरियटबरोबर काढलेलं क्रेडिट कार्ड सिल्व्हर दर्जा देतं, पण सिल्व्हरमध्ये न्याहारी नाही आणि लाउंजही नाही. ते कार्ड हातात घेऊन पाहुणे लाउंज विचारतात आणि हिरमुसतात. दोष त्यांचा नाही, विकणाऱ्याने नीट सांगितलेलं नसतं. ताजचं त्या मानाने सोपं आहे, तिथे पॉइंटऐवजी टाटा न्यूची नाणी जमा होतात आणि एक नाणं म्हणजे एक रुपया, हिशोब कोणालाही कळतो.

कार्डाचा सगळ्यांत मोठा फायदा मात्र माहितीपत्रक वाचून सहसा लक्षात येत नाही. हॉटेलं खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेतात, कारण रोज काहीजण येतच नाहीत. एखाद्या दिवशी सगळेच येतात. पावसाळ्यात विमानं रद्द झाली की जायचे ते पाहुणेही राहतात, विमान कंपन्यांचे कर्मचारीही अडकतात. रात्री साडेअकराला दोन पाहुणे यायचे आहेत आणि खोली एकच आहे, अशी वेळ येते. दुसऱ्याला आम्ही आमच्या खर्चाने जवळच्या हॉटेलात पाठवतो. आमच्या भाषेत याला पाहुणा वॉक करणं म्हणतात. कोणाला पाठवायचं हे ठरवताना मी सगळ्यांत आधी अ‍ॅपवरून एका रात्रीसाठी आलेलं नाव पाहतो. थेट बुकिंग केलेला वरच्या दर्जाचा सदस्य यादीत सगळ्यांत शेवटी येतो, कारण त्याला परत पाठवलं तर साखळीच्या नियमानुसार हॉटेलला दंडासारखी भरपाई द्यावी लागते. त्या रात्री तो सदस्य निवांत झोपतो. आपली खोली कार्डामुळे वाचली हे त्याला कधी कळतही नाही.

आता सेवेबद्दल. माझं ठाम मत आहे की चांगली सेवा कार्डावर मिळत नाही, माहितीवर मिळते. तुमच्या बाबतीत हॉटेलला काय माहीत होतं? दोन खोल्या, अ‍ॅपवरून, दोन रात्री. लग्नाचा वाढदिवस आहे हे माहीत नव्हतं, ज्येष्ठ मंडळी बरोबर आहेत हेही नव्हतं. मुक्कामाच्या दोन दिवस आधी एक ईमेल आला असता, तर आम्ही दोन खोल्या शेजारी-शेजारी दिल्या असत्या, सासऱ्यांना टबऐवजी शॉवर असलेली खोली दिली असती, लिफ्टजवळची, आणि वाढदिवसाला केक पाठवला असता. यातल्या कशालाही दर्जा लागत नाही. असा ईमेल कोणीही पाठवू शकतं. आमच्याकडे सर्वांत जास्त मदतीची गरज असलेले पाहुणे बहुधा कार्ड नसलेलेच असतात: न्यू जर्सीला मुलीच्या बाळंतपणासाठी निघालेले सांगलीचे आजी-आजोबा, पहाटे तीनला विमानतळावर जायचं, आयुष्यात पहिल्यांदा अशा हॉटेलात. न्याहारीसह बुकिंग असेल तर ती डब्यात बांधून मिळते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. सांगितलं तर आदल्या रात्री नऊपर्यंत किचनला कळवायचं, एवढंच काम. ज्या मुलाने ते न विचारता केलं त्याची बढती मी अडवत नाही.

तुमच्या सासू-सासऱ्यांचं तसंच. नियम असा की सदस्याचे फायदे त्याच्या स्वतःच्या खोलीला आणि बरोबरच्या एका माणसाला. तुम्ही पैसे भरत असाल आणि त्याच वेळी तिथे राहत असाल, तर दुसऱ्या खोलीचे पॉइंट तुमच्या खात्यात येऊ शकतात, पण तिथल्या मंडळींना लाउंज मिळत नाही. मुळात अ‍ॅपच्या बुकिंगवर तुमचाच प्रवेश हॉटेलच्या मर्जीवर होता. तरीही मोठ्या माणसांना जावयासमोर दारातून परत फिरवणं ही आमच्या धंद्यातली अक्षम्य गोष्ट आहे. लाउंजमध्ये गर्दी नव्हती तर त्यांना बसवून चहा द्यायचा आणि नियम तुम्हाला बाजूला घेऊन सांगायचा. गर्दी होती तर चेक-इन करतानाच सांगायचं, किती पैसे भरले तर त्यांना येता येईल तेही सांगायचं. दारात उभी असलेली मुलगी कदाचित चार महिन्यांपूर्वी कामाला लागलेली असेल. तिला कोणीतरी 'यादीत नाव नसेल तर नाही म्हण' एवढंच शिकवलं असेल. म्हणून तिच्यावर राग काढू नका, हॉटेलला लिहा.

पुढच्या वेळचं सांगतो. साखळीच्या संकेतस्थळावरून किंवा थेट हॉटेलला फोन करून खोली घ्या आणि बुकिंगवर सदस्य क्रमांक आहे ना ते पाहा. दर निवडताना आमच्या बोलीत ईपी म्हणजे नुसती खोली आणि सीपी म्हणजे न्याहारीसह. सासू-सासऱ्यांची खोली सरळ सीपीवर घ्या, दारात प्रश्नच येणार नाही. जमलं तर शुक्रवार-शनिवार निवडा. दोन दिवस आधी हॉटेलला चार ओळी लिहा, त्यात प्रसंग आणि गरज लिहा, मागण्यांची यादी नको. पोचायच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ड्यूटी मॅनेजरला फोन करा, कारण खोल्या त्याच वेळी वाटल्या जात असतात. संध्याकाळी काउंटरवर उभं राहून मागितलेलं स्वीट द्यायची आमची कितीही इच्छा असली तरी तोवर पाटी कोरी राहिलेली नसते. चारचा चेक-आउट हक्काचा असला तरी आदल्या रात्रीच सांगा, म्हणजे हाउसकीपिंगची मुलगी एक वाजता दार ठोठावत नाही. आणि कोणी चांगलं काम केलं तर मुक्कामानंतर येणाऱ्या प्रश्नावलीत त्याचं नाव लिहा. त्या नावांची आमच्याकडे खरोखर मोजदाद होते, बढतीच्या वेळी ती काढून पाहिली जाते.

झालेल्या मुक्कामापैकी पॉइंटचा नाद सोडा, अ‍ॅपच्या बुकिंगवर ते मिळणार नाहीत आणि ग्राहक सेवेला फोन करण्यात संध्याकाळ जाईल. न्याहारीचे पैसेही परत मिळणार नाहीत, ती तुमच्या दरात नव्हतीच. लाउंजबद्दल मात्र जनरल मॅनेजरला लिहा. तारीख, साधारण वेळ, खोली क्रमांक, सासू-सासऱ्यांना नेमकं काय म्हटलं गेलं, आणि आधी सांगितलं असतं तर तुम्ही पैसे भरायलाही तयार होतात हे एक वाक्य. प्लॅटिनम हा शब्द एकदाच येऊ द्या, तोही सदस्य क्रमांकाच्या शेजारी. भरपाई मागू नका, काय व्हायला हवं होतं ते लिहा. असं पत्र ज्याला आपलं हॉटेल नीट चालवायचंय असा जनरल मॅनेजर सकाळच्या बैठकीत सगळ्या विभागप्रमुखांसमोर वाचून दाखवतो. आठवड्यात उत्तर आलं नाही तर तेच पत्र साखळीच्या सदस्य विभागाला पुढे पाठवा आणि जनरल मॅनेजरला त्याची प्रत ठेवा.